काचेच्या अलीकडचा आणि पलीकडचा ‘र’

पुण्यातल्या एका कॉल सेंटरमध्ये मी सहा वर्षे ‘व्हॉइस अँड ॲक्सेंट ट्रेनर’ म्हणून नोकरी केली. त्या काळात माझ्या पर्समध्ये कागदाच्या पट्ट्या कायम असत : दोन बोटे रुंद, वीतभर लांब, झेरॉक्सच्या रद्दीतून कापलेल्या. नवी बॅच आली की पहिल्या दिवशी प्रत्येकाला एक पट्टी द्यायची, ती ओठांसमोर धरायला सांगायची आणि ‘पेन’ म्हणायला लावायचे. आपण मराठी माणसे ‘पेन’ म्हणतो तेव्हा पट्टी ढिम्म हलत नाही. इंग्रज म्हणतो तेव्हा शब्दाच्या आरंभीच्या ‘प’बरोबर हवेचा एक छोटा झोत बाहेर पडतो आणि पट्टी फडफडते, तो झोत नसला तर त्याच्या कानाला ‘पेन’चे ‘बेन’ झाल्यासारखे वाटू शकते. मुले झोत आणण्यासाठी गाल फुगवून प्रयत्न करीत, पट्ट्या फडफडू लागत, आणि मागच्या रांगेतून कुणीतरी हमखास म्हणे, “मॅडम, हे तर ‘फेन’ झालं!” त्याचे काही चुकत नसे. प आणि फ हे मराठीत दोन वेगळे वर्ण आहेत, आणि ते वेगळे ठेवायला आपण पाळण्यात असल्यापासून शिकलेलो असतो. इंग्रजीला मात्र ते एकाच ‘प’चे दोन पेहराव वाटतात.

आमच्या धंद्यात या सगळ्याला एमटीआय म्हणत, म्हणजे मातृभाषेचा प्रभाव. “ह्याला एमटीआय फार आहे,” हे वाक्य आम्ही “ह्याला ताप फार आहे” अशा सुरात एकमेकींना सांगत असू. प्रत्येक प्रांताचा ताप निराळा. गुजराती मुलगी ‘हॉल’ला ‘होल’ म्हणे, उत्तरेकडच्या मुलाच्या ‘स्कूल’ला पुढे एक ‘इ’ चिकटे, बंगाली मुलाचा ‘व्ही’ ‘भी’कडे झुके. मराठी मुले या सर्वांना हसत, कारण ॲ आणि ऑ हे दोन स्वर आपण इतके पूर्वीपासून लिपीत सामावून घेतले आहेत की ‘बॅट’ आणि ‘बॉल’ आपल्याला परके वाटत नाहीत. आपला स्वतःचा ताप आपल्याला कळत नाही तो ‘व्ह’मध्ये. इंग्रजीतल्या व्ही आणि डब्ल्यू या दोन अक्षरांत फरक करण्यासाठी आपण एकाला ‘व्ह’ आणि दुसऱ्याला ‘व’ लिहू लागलो, ही सोय उत्तम. पण लिहिता लिहिता त्यातला ‘ह’ आपण बोलायलाही लागलो. ‘व्हेरी वेल’ म्हणताना मराठी माणूस तो ‘ह’ असा काही मनापासून उच्चारतो की त्यावरून मी लंडनच्या विमानतळावरसुद्धा महाराष्ट्रातला माणूस पाठमोरा ओळखला आहे. याहून अवघड गोष्ट आघाताची. ‘फोटोग्राफ’मध्ये जोर पहिल्या अक्षरावर, ‘फोटोग्राफर’मध्ये दुसऱ्यावर, ‘फोटोग्राफिक’मध्ये तिसऱ्यावर, आणि ज्यांच्यावर जोर नाही ती अक्षरे जवळजवळ गिळून टाकायची. पंगतीत प्रत्येक पानावर सारखे वाढावे तसा सर्व अक्षरांना समान न्याय देणाऱ्या आमच्या मुलांना हा पंक्तिप्रपंच शेवटपर्यंत पटत नसे.

आमचा मजला एका काचेच्या भिंतीने विभागलेला होता. अलीकडे ब्रिटिश प्रोसेस, म्हणजे ब्रिटनमधल्या ग्राहकांचे फोन घेणारा विभाग, पलीकडे अमेरिकन. मी अलीकडे सांगे की ‘कार’मधला ‘र’ गिळा आणि ‘का’ लांबवा. काचेपलीकडे माझी सहकारी त्याच वेळी सांगत असे की जीभ मागे वळवा, ‘र’ सोडू नका. आवाज येत नसला तरी तिचे ओठ दिसत. एका मुलाची आमच्याकडून तिकडे बदली झाली, तेव्हा तीन महिन्यांच्या कष्टाने घालवलेला ‘र’ त्याला आठवड्याभरात परत आणावा लागला. मूळचा नगर जिल्ह्यातला होता. “मॅडम, घरून आणलेला होता तोच राहू दिला असता तर चाललं नसतं का?” असे तो विचारी, आणि माझ्याकडे त्याला द्यायला उत्तर नसे. ते मला पुढे वाचनातून मिळाले.

विल्यम लेबॉव्ह या भाषाशास्त्रज्ञाने १९६२ मध्ये न्यूयॉर्कमधल्या तीन मोठ्या दुकानांत जाऊन विक्रेत्यांना एकच प्रश्न विचारला. दुकाने अशी निवडली होती की एक श्रीमंतांचे, एक मध्यमवर्गीयांचे आणि एक स्वस्ताईचे. प्रश्न असा निवडला होता की उत्तर ‘फोर्थ फ्लोअर’ असेच यावे, म्हणजे त्यात दोनदा ‘र’ यावा. ऐकू न आल्याचे सोंग करून तो ते उत्तर पुन्हा वदवून घेई, आणि बाजूला जाऊन टिपून ठेवी. महागड्या दुकानात ‘र’ सर्वांत जास्त ऐकू आला, स्वस्त दुकानात सर्वांत कमी. न्यूयॉर्कमध्ये ‘र’ उच्चारणे म्हणजे वरच्या पायरीवर असणे. आता हाच ‘र’ बोटीत बसवून इंग्लंडला आणावा, तर तिथे तो ऐकल्याबरोबर लोकांना नैर्ऋत्येकडच्या सॉमरसेट-डेव्हनमधला शेतकरी आठवतो, आणि ‘र’ गाळणारा माणूस सुशिक्षित ठरतो. ध्वनी तोच, जीभ तशीच वळलेली, आणि मान मात्र अगदी उलटा. म्हणजे त्या नगरच्या मुलाचा ‘र’ मुळात चांगलाही नव्हता आणि वाईटही नव्हता. तो काचेच्या कोणत्या बाजूला बसला आहे यावर सगळे ठरत होते.

ज्या ब्रिटिश उच्चाराला मी सहा वर्षे ‘न्यूट्रल’ म्हणून विकले त्याचा इतिहास तेव्हा मला ठाऊक असता तर ‘न्यूट्रल’ हा शब्द जिभेवर आला नसता. डॅनियल जोन्स या ध्वनिशास्त्रज्ञाने १९१७ मध्ये इंग्रजीचा उच्चारकोश काढला, त्यात त्याने ज्या घरांमधला उच्चार नोंदवला ती घरे दक्षिण इंग्लंडमधली, आणि तीही ज्यांच्यातले पुरुष मोठ्या निवासी खाजगी शाळांत शिकलेले होते अशी. तेव्हा तो या उच्चाराला त्या शाळांच्याच नावाने ओळखत असे. ‘रिसीव्हड प्रनन्सिएशन’, म्हणजे शिष्टमान्य उच्चार, हे नाव त्याने १९२६ च्या आवृत्तीत स्वीकारले. त्याच वर्षी बीबीसीने निवेदकांच्या उच्चारांवर सल्ला देण्यासाठी समिती नेमली. तिचे अध्यक्ष राजकवी रॉबर्ट ब्रिजेस, सदस्यांत स्वतः जोन्स, आणि ज्यांच्या लंडनच्या फुलवालीला पु. ल. देशपांडे यांनी पुढे मराठी बोलायला लावले ते बर्नार्ड शॉसुद्धा. मूठभर घरांतला उच्चार अशा रीतीने रेडिओवरून साऱ्या देशाच्या दिवाणखान्यात पोहोचला. १९४१ मध्ये, युद्ध ऐन भरात असताना, यॉर्कशायरच्या विल्फ्रेड पिकल्स यांना बातम्या वाचायला बसवले गेले. जर्मनांना नक्कल करणे अवघड जावे हा त्यामागचा एक हेतू सांगितला जातो. उत्तरेकडच्या श्रोत्यांना निरोप देताना ते ‘गुड नाइट’ऐवजी आपल्याकडचे ‘गुड नीट’ म्हणत. त्या उच्चारावर तक्रारी आल्या. बातमी लंडनवरच्या बॉम्बहल्ल्याची असली तरी ती यॉर्कशायरच्या तोंडून आली की काहींना पुरेशी खरी वाटत नसावी, असा माझा तर्क आहे.

आमच्या ब्रिटिश प्रोसेसवर सर्वांत जास्त घाबरवणारे फोन बर्मिंगहॅमचे असत. तिथला माणूस ‘बस’ला ‘बुस’ म्हणतो, ‘लाइक’ला जवळजवळ ‘लॉइक’, आणि वाक्याच्या शेवटी सूर खाली सोडून देतो. मुलांना ते कळायला जड जाई, एवढेच. कुणालाही ते गावंढळ वाटत नसे; उलट एक मुलगी म्हणे की ही माणसे दमून घरी आल्यासारखी बोलतात, त्यांना चहा द्यावासा वाटतो. इंग्रजांचे स्वतःचे मत याबाबत फार कठोर आहे. हॉवर्ड जाइल्स यांनी १९७० च्या सुमारास ब्रिटिश श्रोत्यांकडून उच्चारांना गुण देववले, तेव्हा शिष्टमान्य उच्चार वर आणि बर्मिंगहॅम अगदी तळाशी गेले. मग प्रश्न असा की तो हेल खरोखरच कानाला कडू आहे, की बर्मिंगहॅम म्हटले की डोळ्यांसमोर येणारे कारखाने, धूर आणि कामगारवस्ती तो कडू करतात? पीटर ट्रडगिल आणि जाइल्स यांनी हाच प्रश्न उचलला आणि ब्रिटिश उच्चार परदेशी श्रोत्यांना ऐकवले. ज्यांना तो आवाज कुठला हे ओळखता येत नव्हते, त्यांनी ब्रिटिशांची उतरंड मान्य केली नाही. नकाशा माहीत नसलेल्या कानाला बर्मिंगहॅममध्ये काहीच खटकले नाही. आमच्या मजल्यावरची ती चहा देऊ पाहणारी मुलगी या अर्थाने आदर्श श्रोता होती.

लंडनच्या क्वीन मेरी विद्यापीठातल्या देव्यानी शर्मा, एरेझ लेव्हॉन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अलीकडे हीच मोजणी पुन्हा केली. मधे अर्धशतक गेले, टीव्हीवर सर्व प्रांतांचे आवाज ऐकू येऊ लागले, आणि तरीही उतरंड बरीचशी जागच्या जागी सापडली : शिष्टमान्य उच्चार वरच, बर्मिंगहॅम खालीच, आणि भारतीय वळणाचे इंग्रजीही त्याच तळाच्या मजल्यावर. त्या अभ्यासातली एक गोष्ट मात्र मी कुणालाही आवर्जून सांगते. वकिलीच्या नोकरीसाठीच्या मुलाखतींची उत्तरे वेगवेगळ्या उच्चारांत ऐकवली, तेव्हा सर्वसाधारण श्रोत्यांवर उच्चाराचा परिणाम दिसला, पण प्रत्यक्ष उमेदवार निवडण्याची सवय असलेल्या वकिलांनी उत्तरातला मजकूर बऱ्यापैकी वेगळा काढून पाहिला. आम्हाला नोकरीवर ठेवणाऱ्यांना असले काही वेगळे काढायचेच नव्हते. आमच्याकडे उच्चार हाच मजकूर होता. बाकी फ्रेंच माणसाने इंग्रजी ‘दिस’, ‘दॅट’मधल्या ‘टीएच’चा ‘झ’ केला तर ते मोहक, आणि आपण त्याचा दंत्य ‘द’ केला तर तो एमटीआय, हा न्याय मला आजतागायत उमगलेला नाही. तापच मोजायचा तर दोघांनाही सारखाच आहे.

यात इंग्रजांना किती दोष द्यायचा याचा विचार करताना मला वॉलेस लॅम्बर्ट यांचा १९६० मधला माँट्रियलचा प्रयोग आठवतो. दोन्ही भाषा सफाईने बोलणाऱ्या माणसांकडून एकच उतारा एकदा इंग्रजीत आणि एकदा फ्रेंचमध्ये वाचून घेतला, आणि वाचणारा एकच आहे हे श्रोत्यांना कळू न देता त्यांना त्या ‘दोन’ माणसांबद्दल विचारले. इंग्रजीभाषकांनी इंग्रजी आवाजाला अधिक हुशार, अधिक भरवशाचा ठरवले यात नवल नाही. फ्रेंचभाषक श्रोत्यांनीही तेच केले. आपल्याकडे मराठी माध्यमातून शिकलेल्या मुलाला ‘व्हर्नी’ म्हणून हिणवणारे कॉलेजातले टोळके कधीच साहेबांचे नव्हते, त्यातल्या प्रत्येकाच्या घरी आमटी-भातच होता.

आता माझ्याबद्दल. मुलाखतीच्या पॅनलवर असताना माझ्यापुढे एक तक्ता असे आणि त्यात ‘एमटीआय : कमी, मध्यम, तीव्र’ असे तीन चौकोन. एकदा लातूर जिल्ह्यातला एक मुलगा आला. त्याचा अर्ज मी आधी वाचला होता : जिल्हा परिषदेची शाळा, दहावीपर्यंत मराठी माध्यम, वडिलांचा व्यवसाय शेती. बोलला नेटके; रागावलेल्या ग्राहकाला कसे सांभाळाल या प्रश्नाचे त्याने दिलेले उत्तर त्या दिवशीचे सर्वांत चांगले होते. मी ‘तीव्र’वर खूण केली. त्याला व्हॉइसऐवजी ईमेलच्या प्रोसेसवर घेतले गेले, जिथे पगार कमी होता. पाचसहा महिन्यांनी आमचे कॅलिब्रेशन होते, म्हणजे सर्व ट्रेनरांचे कान एका पट्टीत आहेत ना, हे तपासण्यासाठी जुने आवाज नावांशिवाय ऐकवून सर्वांकडून गुण घेतले जात. सातव्या आवाजाला मी ‘मध्यम’ दिले आणि शेजारच्या सहकारीला म्हटले की हा कोण आहे, याला मी व्हॉइसवर घेईन. यादी उघडली तेव्हा सातवा आवाज त्याचा निघाला. मुलाखतीचीच ध्वनिफीत होती ती. त्याने मधल्या काळात काही सुधारणा केली असेल, अशी पळवाटसुद्धा मला उरली नव्हती.

डोनाल्ड रुबिन यांचा १९९२ मधला प्रयोग मी त्यानंतर बऱ्याच वर्षांनी वाचला आणि तो वाचताना तो तक्ता माझ्या डोळ्यांपुढून हलेना. अमेरिकेतल्या एका विद्यापीठात विद्यार्थ्यांना एका व्याख्यानाची फीत ऐकवली गेली. आवाज एकच, अमेरिकन बाईचा. काहींना ऐकताना गोऱ्या स्त्रीचे छायाचित्र दाखवले, काहींना पूर्व आशियाई स्त्रीचे. दुसऱ्या गटाला परका हेल ऐकू आला, जो फितीत नव्हताच. आणि नंतर मजकुरावर प्रश्न विचारले तेव्हा त्यांना कमी समजल्याचे दिसले. त्यांनी छायाचित्र ऐकले, मी अर्ज ऐकला. शिकागो विद्यापीठातल्या शिरी लेव्ह-आरी आणि बोअझ केसार यांनी २०१० मध्ये याहून सूक्ष्म गोष्ट दाखवली : ‘जिराफ उंटापेक्षा जास्त दिवस पाण्यावाचून राहू शकतो’ अशा धर्तीची वाक्ये परक्या हेलात ऐकली की लोकांना ती किंचित कमी खरी वाटतात, मग बोलणारा केवळ दुसऱ्याने लिहून दिलेले वाचत असला तरी. कान ताणून ऐकावे लागले की तो शीण आपण बोलणाऱ्याच्या खात्यावर टाकतो.

हे सारे इंग्रजीबद्दल झाले, पण मला ते इतके लागते त्याचे मूळ इंग्रजीत नाही. माझे माहेर कराडजवळच्या खेड्यातले. आमच्या घरात ‘पानी’ होते, ‘लोनी’ होते, ‘कोन आलंय’ होते. तालुक्याच्या शाळेत बाईंनी ‘ण’ बसवून घेतला, तो बसला. पण घाईत, रागात किंवा झोपेत तो अजूनही निसटतो. लग्न होऊन पुण्यात आले त्या पहिल्या दिवाळीला पाहुण्यांसमोर पाण्याचा तांब्या ठेवताना माझ्या तोंडून ‘पानी’ निघाले. सासूबाई हसून म्हणाल्या, “पाणी गं, पानी नव्हे.” त्यांच्या मनात काही नव्हते हे मला तेव्हाही कळत होते. पाहुण्यांपैकी एका बाईंनी मात्र लगेच विचारले, “तुमचं आडनाव काय हो माहेरचं?” न आणि ण यांच्यातल्या त्या तसूभर अंतरात काय काय मोजले जाते, ते महाराष्ट्रात कुणाला समजावून सांगावे लागत नाही.

काही वर्षांपूर्वी सासूबाईंना घेऊन मी नणंदेकडे बर्मिंगहॅमला गेले होते. भाची तेव्हा सात वर्षांची. ५० नंबरच्या बसमधून किंग्ज हीथला जाताना ती मला ‘बुस’ची सगळी माहिती देत होती, आणि नणंद शेजारी बसून कपाळाला आठ्या घालत होती. शनिवारी तिला मुद्दाम नाटकाच्या वर्गाला घालते, असे तिने मला सांगितले. इथले इंग्रजी अंगी लागले तर पुढे मुलाखतींत त्रास होईल. मला तो हेल अतिशय आवडत होता, पण माझ्या आवडीनिवडीवर कुणाला नोकरी मिळत नाही, म्हणून मी गप्प राहिले.

घरी पोहोचल्यावर सासूबाई सोफ्यावर टेकल्या आणि भाची धावत जाऊन पेला भरून घेऊन आली. तिच्या जिभेला ण माहीतच नाही. पेला सांभाळत ती म्हणाली, “आजी, पानी.”

सासूबाईंनी तिला जवळ ओढून घेतले. “बघितलंस,” त्या माझ्याकडे पाहून म्हणाल्या, “किती गोड बोलते!”

मी “हो, आई,” म्हटले आणि स्वयंपाकघरात चहाचे आधण ठेवायला गेले.